मदत हवी आहे: रेडिओ सिग्नलमध्ये लपवलेले बिट नीट वाचता येत नाहीत

नमस्कार मंडळी. मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी साध्या रेडिओ डेटात गुप्त बिट लपवतोय. क्यूपीएसके या पद्धतीत डेटा लहरीच्या कोनातून (फेज) पाठवतात; तिचे चार ठिपके, म्हणजे चार ठरलेले कोन, 45, 135, 225 आणि 315 अंशांवर असतात. लपवायचा बिट 1 असेल तर मी ठिपका 3 अंश पुढे सरकवतो, 0 असेल तर 3 अंश मागे. साधा रिसीव्हर ठिपका कोणत्या चरणात आहे एवढंच बघतो, त्याला पत्ताही लागत नाही.

सिम्युलेशनमध्ये छान चाललं. मग प्लूटोमधून (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ ट्रान्समीटर) पाठवून, मध्ये सिग्नल क्षीण करणारा 30 डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावून, केबलने आरटीएल-एसडीआर डोंगलमध्ये (स्वस्त यूएसबी रेडिओ रिसीव्हर) घेतलं. (हवेत काहीच सोडत नाही, परवान्याची भानगड नको.) मुख्य डेटा स्वच्छ येतो, लपवलेल्यात दहातला एक बिट चुकतो. एसएनआर (नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती) 25 डीबीच्या आसपास आहे, म्हणजे नॉइजनेच ठिपका सव्वादोन अंश हलतो. तेवढी चूक समजू शकतो. पण ओळीने शून्यं आली की सगळंच जातं. मला वाटतं कोस्टास लूप (रिसीव्हरमध्ये फेज सतत जुळवून घेणारा भाग) त्या 3 अंशांना फेजची चूक समजून पुसून टाकतो. लूप मंद करावा तर खोली गच्चीवरची, दुपारी डोंगलला चटका बसतो, फ्रीक्वेन्सी सरकते आणि ठिपके गोल फिरायला लागतात.

फेज फक्त प्रीअ‍ॅम्बलवरून (संदेशाच्या सुरुवातीचे आधीच ठरलेले बिट) काढू का? लपवलं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही, म्हणून आधी एईएस एन्क्रिप्शन (बिट किल्लीने कुलूपबंद करणं) लावणारच आहे. त्याने शून्यांची रांग मोडेल ना? 3 चे 5 अंश करायचे नाहीत, ईव्हीएम (ठिपका ठरलेल्या जागेपासून किती सरकला त्याचं माप) मोजणाऱ्याला लगेच दिसेल.

धरमपेठ-सीताबर्डीकडे कुणाकडे टीसीएक्सओवाला (उष्णतेने फ्रीक्वेन्सी फारशी न सरकणारा) डोंगल असेल तर एका संध्याकाळसाठी द्याल का? मी येऊन नेईन.