मदत हवी आहे: खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीसाठी नक्की कुठलं लायसन्स आणि शिक्षण लागतं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. वय ३४, बीकॉम. सहा वर्षं इन्शुरन्सच्या डेथ क्लेमची इन्व्हेस्टिगेशन करते, एका एजन्सीसाठी, केसमागे पैसे. पॉलिसी काढून तीन वर्षांच्या आत माणूस गेला की कंपनी बहुतेक वेळा क्लेम चौकशीला देते. मग मी गावात जाते. ग्रामपंचायतीतली मृत्यूनोंद, दवाखान्यातला केसपेपर, मेडिकलवाला, शेजारपाजार. बाईमाणूस बघून लोक आधी पाणी विचारतात, मग आपणहून बोलतात. दोन पुरुष बुलेटवरून आले की तेच लोक दार लावून घेतात.

आता स्वतःचं सुरू करावं म्हणते. हे काम आहेच, शिवाय लग्नाआधीची चौकशी आणि नोकरीवर घेण्याआधीची पडताळणी. पण एका इन्स्टिट्यूटने सांगितलं की नुसत्या बीकॉमवर एजन्सी काढताच येत नाही. त्यांचा सहा महिन्यांचा ‘सरकारमान्य’ डिप्लोमा केला तरच ‘डिटेक्टिव्ह लायसन्स आणि आयकार्ड’ मिळतं. फी ४८,००० रुपये. १,००० टोकन देऊन बसलेय. आमच्या एजन्सीचे सर म्हणतात पसारा लायसन्स काढ. चुलतभाऊ म्हणतो आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, लागतं. तिघांची तीन उत्तरं. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. लग्नाची चौकशी करताना कायद्यात कुठे अडकायला होतं तेही सांगा.

चहात बिस्किट

लायसन्सचं नावच पसारा असेल तर आवरणार कोण? (हलके घ्या. धागा वाचतोय.)

जुना फायलवाला

ताई, टोकनवर पाणी सोडा आणि उरलेले ४७,००० वाचवा.

भारतात खासगी डिटेक्टिव्हला लायसन्स देणारा केंद्राचा कायदाच नाही. २००७ साली खासगी डिटेक्टिव्ह एजन्सींच्या नियमनाचं विधेयक राज्यसभेत आलं होतं. केंद्रात एक मंडळ, प्रत्येक राज्यात एक, त्यांच्याकडून लायसन्स, अशी ती योजना. स्थायी समितीकडे गेलं, वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि २०२० मध्ये सरकारने मागे घेतलं. ‘सरकारमान्य लायसन्स’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: कुठल्या कायद्याचं, कुठलं कलम? तिथेच गाडी अडते.

पसारा म्हणजे २००५ चा प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सीज (रेग्युलेशन) ॲक्ट. तो वॉचमन, बाउन्सर, कॅशव्हॅन पुरवणाऱ्यांसाठी. लायसन्स फी एका जिल्ह्याला ५,०००, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि अख्ख्या राज्याला २५,०००. गार्डचं १६० तासांचं ट्रेनिंग वगैरे त्यात येतं. तुम्ही गार्ड पुरवणार नसाल तर तुमचा संबंध नाही. पण बऱ्याच एजन्सी दोन्ही धंदे करतात आणि गार्डचं लायसन्स फ्रेम करून डिटेक्टिव्हच्या टेबलामागे टांगतात. गिऱ्हाइकाला काय कळतंय. तुमच्या सरांचा गोंधळ बहुधा तिथूनच आलाय.

आयआरडीएआयचं लायसन्स सर्व्हेयरला लागतं. गाडी ठोकली, गोडाऊन जळलं, नुकसान किती झालं ते ठरवणारा माणूस. त्याला ट्रेनिंग आणि परीक्षा आहे. इन्व्हेस्टिगेटरला नाही. म्हणून तर तुम्ही सहा वर्षं बिनलायसन्स काम करताय आणि कंपनी रिपोर्ट घेतेय.

लागतं ते कुठल्याही दुकानदाराला लागतं तेच. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, नोंदणी वीस किंवा जास्त माणसांनाच (२०१७ च्या कायद्यात ही मर्यादा दहा होती, २०२५ मध्ये वाढवली). प्रोफेशन टॅक्स वर्षाला २,५००. वीस लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, करून टाका. त्याचे पैसे मागणारेही भेटतील, देऊ नका.

अवांतर: व्हिजिटिंग कार्डावर तीन सिंहांची मुद्रा छापू नका. हसू नका, छापतात लोक. राजमुद्रेच्या गैरवापरावर २००५ चा वेगळा कायदा आहे.

बे एरियाकर

आमच्याकडचं सांगतो, तुलना म्हणून. मी या धंद्यात नाही, पण माझ्या एका मित्राने इथे हे लायसन्स काढलंय. कॅलिफोर्नियात पगारी तपासकामाचा ६,००० तासांचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण तीन वर्षं. कायद्याची किंवा पोलीस सायन्सची पदवी असेल तर ४,००० तास. मग बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी आणि दोन तासांची परीक्षा. गंमत म्हणजे परीक्षेत कायदा बराच, पाठलाग कसा करायचा ते फारसं नाही. कृष्णाकाठ ताईंची सहा वर्षं इथल्या हिशोबाने पात्रतेच्या दुप्पट भरतात! ब्रिटनमध्ये मात्र २००१ च्या कायद्यात लायसन्सची तरतूद असूनही डिटेक्टिव्हंसाठी ती कधी सुरूच केली नाही.

काळा कोट

फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करतो. धाग्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण खरा धोका तिथे आहे. लायसन्स नाही याचा अर्थ मोकळं रान नव्हे. उलट लायसन्स नसल्यामुळे तुम्हाला कुठलाही खास अधिकार नाही. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला जे करता येतं तेवढंच तुम्हाला.

पहिली गोष्ट, सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी. गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत मागतं: “मॅडम, त्याचे कॉल डिटेल्स काढून द्या ना.” मोबाइल कंपनीकडून ते तपास यंत्रणेला किंवा कोर्टालाच मिळतात. बाकी जो कोणी ‘सोर्स’ सांगेल तो चोरीचा माल विकतोय. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी याच प्रकरणात खासगी डिटेक्टिव्हंना अटक केली होती. नियम करून टाका: सीडीआर, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सॲपचे चॅट, तीनही नाही.

दुसरी, पाठलाग. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. बाईने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही पुरुषाने वारंवार तिच्या मागे जाऊन संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, किंवा तिच्या इंटरनेट, ईमेलवर नजर ठेवणं. गुन्हा रोखण्यासाठी केलं हा बचाव आहे, पण ती जबाबदारी सरकारने सोपवलेली असेल तरच. गिऱ्हाइकाने फी दिली म्हणून तो लागू होत नाही. कलमात ‘पुरुष’ असा शब्द आहे म्हणून तुम्ही निवांत राहाल. पण उद्या फिल्डवर ठेवाल तो मुलगा पुरुषच असेल आणि त्याला पाठवलं कोणी, हा प्रश्न तुमच्याकडेच येईल.

तिसरी, सोंग. गॅसवाली, जनगणनावाली, पोलिसांकडून आलेय असं सांगून घरात शिरणं. सरकारी नोकर असल्याची बतावणी हा त्याच संहितेच्या कलम २०४ चा गुन्हा आहे, किमान सहा महिने कैद.

आता पुराव्याचं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोच्या भांडणात एकाने दुसऱ्याचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात चालेल असं म्हटलं. ते वाचून डिटेक्टिव्ह लोक खूश झाले. पण ते जोडीदाराने स्वतःच्या संभाषणाचं केलेलं रेकॉर्डिंग होतं. तुम्ही तिऱ्हाईत. सार्वजनिक जागी काढलेले फोटो द्या, सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र. त्याचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. आणि कधीतरी तुम्हाला स्वतःला पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. माझ्यासारखा कोणीतरी विचारेल, “बाई, त्या दिवशी तुम्ही लॉजच्या आत गेला होतात की बाहेरून बघितलंत?” रोजची डायरी वेळेसकट लिहिलेली असेल तर उत्तर देता येतं.

चहात बिस्किट

पूर्वी हीच चौकशी मुलीचा मामा फुकटात करायचा. चहा पिऊन, पानाच्या टपरीवर उभा राहून. कलमं कुठे होती तेव्हा.

काळा कोट

@चहात बिस्किट, मामाची पद्धत आजही कायदेशीर आहे. टपरीवर विचारणं गुन्हा नाही. मामा मोबाइल कंपनीत ओळख काढत नव्हता, एवढाच फरक.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी अपडेट देतेय.

फायलवाला काका, इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन विचारलं, कुठल्या कायद्याचं लायसन्स? त्यांनी आयएसओ सर्टिफिकेट काढून दाखवलं. म्हटलं हे लायसन्स नाही. तर म्हणाले, “मॅडम, मार्केटमध्ये हेच चालतं.” टोकन परत मिळणार नाही, पावतीवरच लिहिलंय. मी पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं नव्हतं. गावोगावी लोकांच्या पॉलिसीची बारीक अक्षरं वाचत फिरणारी मी.

काळा कोट सर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय. शॉप ॲक्टची सूचना काल भरली. एक पानाचं करारपत्र लिहायला घेतलंय, त्यात काय करणार नाही तेच आधी लिहिलंय. जमलं तर नजर टाकाल का? व्यक्तिगत निरोप करते.

पत्ता घरचाच दिलाय, पण आई म्हणते दारावर ‘डिटेक्टिव्ह’ अशी पाटी नको, गल्लीतल्या बायका घरी यायच्या बंद होतील. ‘कन्सल्टन्सी’ लिहू का?