मदत हवी आहे: फुटबॉल मॅचच्या गर्दीची तुलना करायची कशी?
मंडळी, एक्सेलमध्ये वेगवेगळ्या देशांच्या लीगची गर्दी मांडतोय आणि पार डोकं फिरलंय. जर्मनीच्या बुंदेसलिगात 18च टीम, म्हणजे सीझनला 306 मॅच, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 380, म्हणून एकूण आकडा सोडून सरासरी धरली तर तिथं बोर्नमथ (प्रीमियर लीगमधली छोटी टीम) आडवं येतं, ग्राउंडच जेमतेम 11 हजारांचं, फुल झालं तरी तळालाच, आणि बुंदेसलिगातल्या डॉर्टमुंडला 81 हजार. मग स्टेडियम किती टक्के भरलं ते धरू का? वर इंग्लंडमधे जाहीर होतो तो विकलेल्या तिकिटांचा आकडा, सीझन तिकीटवाला घरी झोपला तरी मोजलेलाच. (आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमला बरंय, बाहेरनं आवाजावरच कळतं.) खरी डोकी मोजलेले आकडे कुठं मिळतात, माहितीय का कुणाला? आणि 1997 ची कलकत्ता डर्बी (मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅच), गर्दी 1 लाख 31 हजार, ती कुठल्या रकान्यात घालू?