साथीला बसणारी माणसं : परीक्षेतले, गुरुपौर्णिमेतले तुमचे अनुभव सांगा

मुखडा
सकाळी आमच्या जुन्या गायनक्लासच्या ग्रुपवर निरोप आला. क्लासचे तबल्याचे काका या एप्रिल-मेच्या सत्रापासून परीक्षांना साथीला बसणार नाहीत. खांदा धरतो, दिवसभर मांडी घालून बसवत नाही. गुरुपौर्णिमेला त्यांचा सत्कार करायचं ठरतंय.

तेव्हापासून कामात लक्ष नाही. गांधर्वच्या, म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्यापैकी कितीतरी जणांनी दिल्या असतील, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. प्रमाणपत्र आपल्या नावाचं, गुरूचं नाव आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्या शेजारी बसून ठेका धरणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. काका सकाळी आठला गादीवर बसत ते शेवटचा विद्यार्थी होईपर्यंत.

माझा मध्यमेचा यमन आठवतो. विलंबित एकताल, परीक्षक समोर, माझे हात थंडगार. काका नवव्या मात्रेच्या धागे-तिरकिटला आवाज अगदी एवढासा वाढवत. ठेका तोच, लय तीच, परीक्षकांना वावगं वाटावं असं काही नाही. पण मला कळायचं की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आली, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचल. प्रत्येक आवर्तनाला ते हे करत होते. बाहेर आल्यावर मी नमस्कार केला तर म्हणाले, "पाणी पी आधी."

तुमच्या साथीला कोण होतं? तबला, पेटी, तानपुरा, लेहरा, काहीही. लिहा.

काळी पाच
किती छान विषय काढलास गं. आमच्या केंद्रावर बाई हजेरीच्या क्रमाने मुलं आत सोडायच्याच नाहीत, स्वराप्रमाणे सोडायच्या, म्हणजे ज्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर त्या क्रमाने. आधी सगळ्या काळी पाचवाल्या मुली, मग काळी चार, मग पांढरी चार, शेवटी काळी एकचे मोठे मुलगे. आम्हाला वाटायचं बाईंची लहर. मोठेपणी कळलं की तबल्याच्या बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तबला थोडासाच वरखाली होतो, त्यापुढे तबलाच बदलावा लागतो. वरच्या स्वराला लहान तोंडाचा, खालच्याला मोठ्या तोंडाचा. साथीदाराला दर पोराला हातोडी घेऊन बसावं लागू नये म्हणून ती रांग. बाईंची माया फक्त आमच्यापुरती नव्हती.

डग्गा_धुमधुम
उपस्थिती लावून ठेवतो. रात्री लिहितो, आता लोकलमध्ये एका हाताने टाइप करतोय.

चिपळूणची
गुरुपौर्णिमा म्हटलं की आमच्याकडे धो धो पाऊस. तबल्याचं चामडं दमट होऊन असं काही उतरायचं की गठ्ठे पार खाली ठोकले तरी स्वर लागेना. आमचे साथीदार दादा पहाटेच यायचे आणि दोन्ही तबले शंभरच्या बल्बखाली ठेवून बसायचे. फार जवळ ठेवला तर शाई (मधला काळा गोल) तडकायची भीती, लांब ठेवला तर उपयोग नाही. मधेमधे कडेच्या चाटेवर बोट मारून कानाजवळ न्यायचे. कार्यक्रम दहाला असायचा, आम्ही पोरी साड्या सावरत यायचो तेव्हा दादांचं अर्धं काम झालेलं असायचं. त्यांची भाकरी आमच्या बाईंच्या घरून यायची, सोबत फणसाची भाजी. ती भाजी अजून जिभेवर आहे. बाईंनी कृती कुणालाच दिली नाही.

मुखडा
@चिपळूणची, बल्बचं आमच्याकडेही होतं, पावसाळ्यात! मे महिन्यात मात्र सोलापूरला उलट, तबला स्वरात चढून बसायचा.

पढंत
मी कथक. आमच्याही परीक्षा त्याच मंडळाच्या. आम्हाला तबला आणि लेहरा (तालाचं आवर्तन दाखवत पेटीवर फिरत राहणारी धून) दोन्ही लागतं. तबल्याला मोठे सर असायचे, लेहऱ्याला मात्र क्लासमधला सहावीतला मुलगा. तीनतालातला एकच लेहरा, सोळा मात्रा, दिवसभर तोच. मुली येत होत्या, ततकार, तोडे, चक्रदार, गत, घाम पुसत बाहेर जात होत्या आणि हा तिथेच. भाता ओढून ओढून त्याचा डावा हात लाल झालेला. लय एकदाही हलली नाही त्याची. माझी चक्रदार संपून समेवर पाय पडला आणि त्याने पेटीवरून वर बघून असं हसू दिलं की बस. परीक्षकांनी जाताना त्याला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला. मुलींना मार्क मिळाले, त्याला तो हात. आता तो मोठा साथीदार झालाय, नाव लिहीत नाही, पण टीव्हीवर दिसला की मी घरातल्यांना ओरडून बोलावते.

लक्ष्मीरोड
चुंबळ कुठे चांगली मिळते हो पुण्यात? तबल्याची. ऑनलाइन मागवली ती एका महिन्यात फिस्कटली.

कृष्णाकाठ
मिरजेचा आहे, तेव्हा बोलणं भाग आहे :)

तबलेवाल्यांचं सगळे लिहितील, मी तानपुऱ्याचं लिहितो. आमच्या सतारमेकर गल्लीत एक चाचा होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी शहरातल्या तीन-चार क्लासचे तानपुरे त्यांच्याकडे जवारीला यायचे. जवारी म्हणजे घोडीचा वरचा भाग घासून त्याला असा बाक द्यायचा की तार नुसती वाजत नाही, बोलते. हे कानाने करायचं काम आहे, त्याला माप नाही. चाचा घासायचे, तार चढवायचे, ऐकायचे, तार उतरवायचे, परत घासायचे. मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत एका जागी थांबायचे आणि खोली भरून जायची. परीक्षेला ते कधी आले नाहीत. पण त्या दिवशी मिरजेत जितकी पोरं सुरात गायली, त्यात त्यांचा वाटा होता.

तुंबे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. हे मोठाले भोपळे वाळायला वेळ लागतो, घाई केली तर पुढे तडा जातो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मला आनंद आहेच. पण पोरं या धंद्यात टिकायची तर गिऱ्हाईक पाहिजे, आणि गिऱ्हाईक आता मोबाईलवरचा तानपुरा लावतं. हे मला लागतं.

आणि विषय निघालाच आहे म्हणून. विष्णु दिगंबर पलुस्कर आमच्या शेजारच्या कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे गेले म्हणून गाण्याकडे आले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. ५ मे १९०१ ला थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ ला मुंबईत. १९३१ मध्ये ते गेले, मिरजेतच, आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ उभं केलं ज्याच्या परीक्षा आपण सगळ्यांनी दिल्या. गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून मिळायचं ते गाणं फी भरून वर्गात बसणाऱ्या पोराला मिळायला लागलं. एवढ्या पोरांच्या साथीला माणसं लागणारच. काकांसारखी जमात तिथून वाढली असं माझं मत.

काळी पाच
@कृष्णाकाठ, दर्ग्यातल्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने सभा होते तिथे जाता का तुम्ही? मी लहानपणी आजोबांबरोबर गेलेय. रात्रभर गाणं, आणि आजोबा पहाटे मला हलवून उठवायचे, "भैरव चाललाय, झोपतेस काय."

कृष्णाकाठ
जातो म्हणजे काय, दरवर्षी. आजोबा मिरजेचे का? कुठल्या पेठेत?

काळी पाच
ब्राह्मणपुरीत. वाडा पडला आता. तुम्हाला विचारपुशीत लिहिते.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे माझ्या मुली परीक्षा देतात, शिकवणाऱ्या ताई पुण्यात. शिकणं झूमवर चालतं, साथ चालत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, म्हणून तबला पुण्यात आणि गाणं इथे हे जमतच नाही, सम दोन्हीकडे वेगळी पडते. ॲपच्या तबल्यावर मुली इतक्या रुळल्या होत्या की परीक्षेआधी इथल्या एका मराठी गृहस्थांना साथीला बोलावलं तर धाकटी बावरली. म्हणाली, आई, हे काका माझ्याकडे बघतायत. ॲप बघत नाही ना! त्यांनी दर शनिवारी ऑफिसचं दमणं बाजूला ठेवून मुलींना साथ दिली. पैशाचा विषय काढला तर मला म्हणाले, "मलाही हात चालवायला कोणीतरी पाहिजे वहिनी." धाकटी आता ॲप लावायला नाही म्हणते. काका कधी येणार विचारते.

डग्गा_धुमधुम
आलो. जेवण झालं.

मी साथीला बसणाऱ्यांपैकी आहे. नोकरी सांभाळून परीक्षांना बसतो, तालुक्याच्या केंद्रांवर. त्यामुळे पलीकडून सांगतो.

पोरगं आत आलं की पहिल्या दोन मात्रांत कळतं ते किती घाबरलंय. घाबरलेलं पोरगं लय वाढवतं. तेव्हा साथीदाराने अडून बसायचं नसतं. आपणही किंचित वाढायचं, आणि मग दोन-तीन आवर्तनांत हळूच मागे आणायचं. त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. "ताल, ताल" करून मुलाला सगळ्यांसमोर उघडं पाडणारे साथीदार मी पाहिलेत, मला त्यांचा राग येतो. आपण तिथे आपली विद्या दाखवायला बसलेलो नसतो.

एकदा लोडशेडिंगचे दिवस होते. एका केंद्राने साथीदाराचे पैसे वाचवायला इलेक्ट्रॉनिक तबला-तानपुरा ठेवला होता. मी फक्त माझ्या पुतणीला सोडायला गेलो होतो. अकराला वीज गेली. पोरं रांगेत, पालक घामाघूम, परीक्षकांना संध्याकाळची गाडी. कुणीतरी म्हणालं, ह्यांना येतं. शाळेच्या कपाटातला प्रार्थनेचा तबला काढला, त्याची शाई एका बाजूने उडालेली. तानपुऱ्याऐवजी पेटीवर षड्ज-पंचम धरायला एक आई बसली. संध्याकाळपर्यंत सगळी पोरं झाली. त्या आईंना भूपाळीशिवाय काही येत नव्हतं असं त्या म्हणाल्या, पण सा आणि प त्यांनी दिवसभर हलू दिले नाहीत.

मुखडाताई, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. ते नवव्या मात्रेचं मीही करतो. कुणी कधी ओळखलं असेल असं वाटलं नव्हतं.

मुखडा
डोळ्यांत पाणी आणलंत. नक्की सांगते.

पढंत
"घाबरलेलं पोरगं लय वाढवतं" अगदी अगदी!!

दहावीची आई
जरा वेगळं विचारते, रागावू नका. मुलाच्या तबल्याच्या परीक्षा झाल्यात, दहावीला वाढीव गुण मिळतात ना? शाळेत कुणाला नीट माहीत नाही.

चिपळूणची
मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फतच दहावीच्या बोर्डाकडे जातो, प्रमाणपत्रांच्या प्रती तयार ठेवा आणि मुदत गाठा. मुख्याध्यापकांनाच थेट भेटा, वर्गशिक्षकांवर सोडू नका.

नागपूरकर
साथीचं नाही पण लिहितोच. माझ्या आईने इंदूरला भातखंडे पद्धतीने, म्हणजे त्यांच्या स्वरलिपीने शिकलेलं. लग्न होऊन नागपूरला आली आणि इथे पलुस्कर पद्धतीची पुस्तकं. भातखंड्यांत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वर टिंब म्हणजे तार (वरचं). पलुस्करांत वर टिंब म्हणजे मंद्र आणि तारेला उभी रेघ! सम एकीकडे फुली, दुसरीकडे एक आकडा. आणि ती फुलीसारखी खूण पलुस्करांत 'खाली'ची, म्हणजे तालातल्या बिनठोक्याच्या जागेची. आईने दोन रंगांच्या पेनांनी वही केली, डावीकडे एक पद्धत, उजवीकडे दुसरी. शेजारच्या कितीतरी मुली त्या वहीवर परीक्षा पास झाल्या. वही आहे माझ्याकडे.

काळी पाच
फोटो टाका ना वहीचा!!

तिरकिट
मी मुलगी, तबला वाजवते. विशारदला माझ्या लेहऱ्याला माझी सख्खी मैत्रीण होती. केंद्रावर एक गृहस्थ दोनदा म्हणाले, "तबल्याचा विद्यार्थी कुठाय? त्याला आत पाठवा." मैत्रीण उठली, पेटी उचलली, म्हणाली "चल", आणि माझ्या आधी आत जाऊन बसली. कायदा (पलटे घेत वाढवायची तबल्याची रचना) रूपक तालात होता, सात मात्रांचा लेहरा, मी पलट्यांवर पलटे घेत गेले, ती डोळे मिटून वाजवत होती. रूपकला सम 'खाली'वरच येते, तिथे भलेभले चुकतात. ती नाही. आता ती बँकेत आहे, पेटी माळ्यावर आहे म्हणते. तिला हा धागा पाठवतेय. गं, काढ पेटी.

गोंयची सावली
म्हापशाहून. आमच्याकडे देवळात भजनाला पेटी-तबला लागतोच, त्यामुळे साथीदार वाड्यावाड्यावर. माझ्या प्रवेशिकेला साथीला बसले ते आमच्या देवळातले भजनी मामा. शास्त्रोक्त परीक्षा कधीच न दिलेले. परीक्षकांनी त्यांना झपतालाची दुगुण (दुप्पट लय) विचारली, मामा म्हणाले, "नाव माका कळना, तुमी म्हणा, हांव वाजयतां." आणि वाजवली. परीक्षकांनी नंतर चहाला त्यांना शेजारी बसवून घेतलं.
कुकर झाला, पळते.

एडिसनकर
@तिरकिट, मैत्रिणीने काढली का पेटी? सांगा हं.

तिरकिट
"बघू" म्हणाली. माळ्यावर चढायला नवऱ्याला सांगितलंय म्हणे.

लक्ष्मीरोड
चुंबळीचं कुणी सांगेल का?

डग्गा_धुमधुम
लक्ष्मीरोड, विकतची घेऊ नका. जुनं सुती लुगडं मिळालं तर घट्ट पिळून गुंडाळा आणि वरून कापड शिवून घ्या. माझी आईने केलेली आहे, अजून जागची हलत नाही.

लक्ष्मीरोड
लुगडं आहे आजीचं. विचारून बघतो तिला.