मदत हवी आहे: फ्लोचार्टमध्ये लूप आला की मुलं अडकतात

सावली_कणकवली
नमस्कार. सुट्टीतल्या वर्गात मुलांना प्रोग्रॅमिंगची ओळख करून देते आहे. अल्गोरिदम (कामाच्या क्रमवार पायऱ्या) म्हणजे काय, फ्लोचार्ट (त्या पायऱ्यांची आकृती) कसा काढायचा, इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. दोन संख्यांची बेरीज, तिघांतली मोठी संख्या, सम की विषम, सगळं पटापट काढलं. लूप, म्हणजे त्याच पायऱ्या परत परत करणं, आला आणि गाडी रुतली. फळ्यावरचं उतरवून घेतात, आकृत्या अगदी सुबक असतात, पण आकडे बदलून तेच गणित दिलं की चुकतं. सोमवारी पुढचा तास आहे, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू करायचीय आणि सगळं इथेच अडलंय. ज्यांनी स्वतः शिकवलंय त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, पाहून झाल्या आहेत.

नीलकंठ७
मुलं कितवीची? मराठी माध्यम का? कॉम्प्युटर किती आहेत? आणि "चुकतं" म्हणजे काय चुकतं? एखाद्या मुलाने काढलेलं जसंच्या तसं इथे लिहा ना. त्याशिवाय काय सांगणार?

पायथनप्रेमी
फ्लोचार्ट सोडून द्या. नोकरीत कोणी काढत नाही. थेट पायथन उघडा, while (पायथनमधला लूप) लिहायला लावा, चालवून बघू दे. मी असाच शिकलो. पोरं कागदावर आयत काढत बसली की कंटाळतात.

मोहोर
ताई, चहा करण्याचा अल्गोरिदम द्या त्यांना. पाणी ठेवा, उकळलं का? नाही तर थांबा, हो तर पावडर घाला. लूप आपोआप कळतो. माझ्या भाच्याला लगेच कळला.

कोडिंग_रोज
अल्गोरिदम पक्के करायचे तर क्रम असा ठेवा: अ‍ॅरे, स्ट्रिंग, लिंक्ड लिस्ट, स्टॅक, ट्री, शेवटी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. बायनरी सर्च तोंडपाठ हवा. रोज दोन प्रश्न सोडवले तर कॅम्पस मुलाखतीत अडचण येत नाही. माझ्याकडे पूर्ण यादी आहे, हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

सावली_कणकवली
@कोडिंग_रोज, मुलं आठवी-नववीची आहेत हो, मुलाखतीला अजून वेळ आहे.
@नीलकंठ७, मराठी माध्यम. दोघं अकरावीचे आहेत, बाकी सगळी शाळकरी. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये वर्ग भरतो, कॉम्प्युटर दोनच, तेही ग्रंथालयाचं काम नसेल तेव्हा. म्हणून तर कागदावर शिकवते आहे, @पायथनप्रेमी.
@मोहोर, चहाचं उदाहरण पहिल्याच तासाला झालं. चहा सगळ्यांना जमला.

भूमितीच्या_बाई
चहावर माझा आक्षेप आहे आणि तो मनापासून आहे. अल्गोरिदमची प्रत्येक पायरी निःसंदिग्ध हवी. "चवीपुरती साखर" ही पायरी यंत्राला कळत नाही. शिवाय चहात मोजत जाणारी संख्या नाही. पाणी आपोआप उकळतं, आपण फक्त वाट बघतो. लूपमध्ये मुलं अडकतात ती मोजणीत: काय वाढतंय, कोण वाढवतंय, कधी थांबायचं. चहा जमला म्हणजे लूप कळला असं नाही. सावलीताई, नीलकंठ यांचा प्रश्न अजून तसाच आहे. मुलांनी काय काढलं ते सांगा.

सावली_कणकवली
बरं. गणित होतं १ ते ५ ची बेरीज. एका नववीच्या मुलीने काढलेलं:
सुरुवात (लंबवर्तुळ)
बेरीज = ०, क्र = १ (आयत)
क्र ५ पेक्षा लहान किंवा ५ आहे का? (समभुज चौकोन)
हो: बेरीज = बेरीज + क्र, मग क्र = क्र + १ (आयत)
तिथून बाण वर, "बेरीज = ०, क्र = १" या आयताला.
नाही: बेरीज छापा (समांतरभुज चौकोन), शेवट.
निम्म्या वर्गाचा बाण तिथेच गेला. शिवाय दोघांनी विचारलं की क्र = क्र + १ हे खरं कसं असेल, दोन्हीकडून क्र काढला तर ० = १ येतं.

नीलकंठ७
हे आधी लिहिलं असतंत तर अर्धा धागा वाचला असता. बाण समभुज चौकोनाच्या डोक्यावर यायला हवा, सुरुवातीच्या किमतींवर नाही. मुलीला उत्तर सांगू नका, तक्ता भरायला लावा. प्रत्येक फेरीला एक ओळ, रकाने दोन: बेरीज आणि क्र. तिच्या आकृतीप्रमाणे ०, १ मग १, २ मग परत ०, १ मग १, २. तिसऱ्या ओळीला तीच म्हणेल की हे संपतच नाही.

जुना_फोर्ट्रान
तक्त्याला पूर्ण अनुमोदन. आम्ही सत्तरच्या दशकात भोकं पाडायच्या कार्डांवर फोर्ट्रान या भाषेत प्रोग्रॅम लिहीत होतो. एका कार्डावर ८० रकाने, एक ओळ म्हणजे एक कार्ड. गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि छापील उत्तर दुसऱ्या दिवशी. एक बाण चुकला की अख्खा दिवस वाया. त्यामुळे आधी फ्लोचार्ट, मग कागदावर आकडे घालून पूर्ण फिरवून बघायचा, मग कार्ड पंच करायला जायचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला तेव्हा देशभरातून माणसं आपले प्रोग्रॅम घेऊन तिथे येत. आकार काढायला हिरवट प्लॅस्टिकची पट्टी मिळायची, माझी अजून आहे.

मोहोर
काका, त्या पट्टीचा फोटो टाका ना! आणि कार्डांचा गठ्ठा खाली पडला तर काय करायचे?

जुना_फोर्ट्रान
कार्डाच्या शेवटच्या ८ रकान्यांत क्रमांक पंच केलेला असायचा, त्यावरून परत लावायचे. ज्यांनी क्रमांक घातला नसेल त्यांना हाताने जुळवावं लागे. फोटो संध्याकाळी टाकतो.

पायथनप्रेमी
माझा मुद्दा बाजूला राहिला. फ्लोचार्टमध्ये बाण कुठूनही कुठेही नेता येतो, आणि त्या मुलीने नेमकं तेच केलंय. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९६८ मध्ये गो-टू (हव्या त्या ओळीवर उडी मारायची आज्ञा) विरुद्ध पत्र लिहिलं ते याच मोकाट उड्यांबद्दल. पायथनमध्ये गो-टू नाहीच. while लिहिलं की परत जायची जागा भाषाच ठरवते, चूक करायला वावच नाही. मग जी चूक भाषेत होऊच शकत नाही ती कागदावर का शिकवायची?

भूमितीच्या_बाई
गो-टूबद्दल मान्य. पण "वावच नाही" हे मान्य नाही. while च्या आत पहिल्याच ओळीला क्र = १ लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघते. चूक तीच, फक्त बाणाऐवजी ओळीआधीच्या चार स्पेसांत लपलेली. कागदावर ती उघड दिसते. तुमच्या मुद्द्यातला एक भाग मात्र उचलण्यासारखा आहे. बोम आणि याकोपिनी या संगणकशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांवर कोणताही प्रोग्रॅम उभा राहतो. तेव्हा मुलांना सुरुवातीला लूपचा एकच साचा द्या: समभुज चौकोन वर, काम खाली, परतीचा बाण त्याच चौकोनाच्या माथ्यावर, बाहेर पडायची वाट एकच. बाकी कुठेही बाण न्यायला बंदी. हा साचा पुढे तसाच while मध्ये उतरतो.

कोडिंग_रोज
for लूपला (किती फेऱ्या ते आधी ठरलेला लूप) षटकोन काढतात, तो शिकवलात का?

नीलकंठ७
फ्लोचार्टच्या आकारांच्या १९८५ च्या आयएसओ ५८०७ या आंतरराष्ट्रीय मानकात षटकोन हा तयारीच्या पायरीचा आकार आहे. आपल्याकडे काही पुस्तकांत तो for साठी वापरतात. पण षटकोनात सुरुवात, अट आणि वाढ तिन्ही एकत्र कोंबली जातात, आणि या मुलांचा घोळ नेमका त्या तिन्हींत आहे. आत्ता नको.

भूमितीच्या_बाई
आता सोमवारसाठी. कॉम्प्युटर दोन असले तरी तुमच्याकडे हॉल आहे, तो वापरा. फरशीवर खडूने तोच फ्लोचार्ट मोठा काढा, प्रत्येक आकारात एक मूल उभं राहील एवढा. दोन मुलांच्या हातात पाट्या, एकीवर "बेरीज" तर दुसरीवर "क्र". तिसरं मूल सुरुवातीपासून बाणाबाणाने चालत जाईल आणि ज्या आकारात उभं असेल तिथलं मोठ्याने वाचेल. क्र = क्र + १ आलं की पाटीवाला आधी उजवी बाजू बोलून दाखवेल, "आत्ता २, त्यात १, झाले ३", मग २ पुसून ३ लिहील. पुसणं महत्त्वाचं आहे. ० = १ विचारणाऱ्या त्या दोघांनाच पाट्या द्या. शंका अगदी रास्त आहे त्यांची, बीजगणितात ते खरंच चूक आहे. इथे ती आज्ञा आहे, उजवीकडचं काढा आणि डावीकडच्या पाटीवर लिहा. वाटल्यास महिनाभर बरोबरच्या चिन्हाऐवजी डावीकडे जाणारा बाण काढा. आधी चुकीच्या बाणाने चालवा, थांबवू नका.

सावली_कणकवली
हे करून बघते. तक्ता फळ्यावर कोणी भरायचा?

भूमितीच्या_बाई
ज्या मुलीचा बाण वर गेला, तिने.

जुना_फोर्ट्रान
पुढचं गणित म्हणून मसावि द्या. भागाकाराची रीत शाळेत झालेली असते, युक्लिडच्या ग्रंथात आहे ती हीच. ८४ आणि ३६ घ्या: ८४ ला ३६ ने भागून बाकी १२, ३६ ला १२ ने भागून बाकी ०, उत्तर १२. यात क्र नावाचा मोजणारा नाही आणि किती फेऱ्या होणार ते आधी ठाऊक नसतं. बाकी शून्य झाली की थांबायचं. मुलांना वाटत असतं की लूप म्हणजे १ ते ५, तो समज इथे जातो.

सावली_कणकवली
सोमवारचा तास झाला. चुकीच्या बाणाने चालणारा मुलगा दुसऱ्यांदा वरच्या आयतात आला तशी पाटीवाली ओरडली, "परत शून्य लिहू? मग आत्ताची बेरीज कुठे जाणार?" बाण त्यांनीच पुसला आणि चौकोनाच्या माथ्यावर आणला. नंतर १ ते ८ ची बेरीज कागदावर जवळजवळ सगळ्यांची बरोबर आली. मसावि अकरावीच्या दोघांनी काढला. आता तिघांनी "बेरीज छापा" हा समांतरभुज चौकोन लूपच्या आतच घातलाय. बाण बरोबर आहेत. हे चूक धरायचं का?

भूमितीच्या_बाई
चूक धरू नका. तोच तक्ता घ्या, "काय छापलं" असा तिसरा रकाना वाढवा आणि प्रश्न परत वाचायला लावा. १ ते ५ च्या गणितात १, ३, ६, १०, १५ असं सगळं छापून येईल. प्रश्नात एकच उत्तर मागितलं असेल तर समांतरभुज चौकोन "नाही"च्या वाटेवर ते स्वतः हलवतील. आणि प्रत्येक फेरीची बेरीज हवी असं गणित पुढच्या तासाला मुद्दाम द्या, त्यात या तिघांची आकृती बरोबर ठरेल.

पायथनप्रेमी
तो मसाविचा फ्लोचार्ट इथे टाकाल का? दोन कॉम्प्युटरवर पाळीपाळीने चालवता येईल असा while लिहून देतो, चलांची नावं मराठीतच ठेवतो. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात.