रविवारी सँतेमिलियों: आई बरोबर आहे, गाडी नाही

प्रेषक: ताई, पॅरिस
मंडळी, बोर्दोची परिषद शनिवारी दुपारी आटोपतेय. पॅरिसला मोंपार्नास स्टेशनला परतायची टीजीव्ही रेल्वे रविवारी संध्याकाळची. आई बरोबर आहे, तिच्या गुडघ्यांचं सगळ्यांना ठाऊक आहेच. परिषदेतली मंडळी गाडी करून मेदोकच्या द्राक्षमळ्यांकडे निघालीत. मला सँतेमिलियों, ते बोर्दोजवळचं वाइनचं जुनं गाव, बघायचंय, पण स्टेशन गावाबाहेर आहे म्हणे. किती चालावं लागतं? आज रात्री ठरवायचंय.

प्रेषक: काका, बोर्दो
दीड किलोमीटर. मळ्यांमधून रस्ता सुरेख आहे, पण शेवटी चढ लागतो. वहिनींना नको. आणि मेदोकला जाऊन तरी काय करणार? तिथे शातोंत, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांत, आधी वेळ घ्यावी लागते आणि रविवारी बहुतेक बंदच. शिवाय चव घेऊन गाडी कोण चालवणार, इथे मर्यादा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोलची. सरळ ट्राम बी पकडा नि सिते द्यु व्हँ हे वाइनचं म्युझियम बघा. 2016 साली उघडलंय, लिफ्ट आहे, सगळ्यात वर नदी बघत वाइनचा एक पेला, तोही तिकिटातच.

प्रेषक: दादा, तूलूज
काका, तुमचं बोर्दो तुम्हाला प्यारं, पण तिने मळे विचारलेत, म्युझियम नव्हे. ताई, बोर्दोच्या सँ-जाँ स्टेशनवरून टीईआर, म्हणजे प्रादेशिक रेल्वे, घे आणि लिबूर्नलाच उतर. तिथून गाव साधारण 8 किलोमीटर, टॅक्सी कर. परतीची टॅक्सी त्याच माणसाशी ठरवून टाक, रविवारी आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नकोस. सासूबाईंना मी असंच नेलं होतं. टॅक्सी वरच्या अंगाला, घंटामिनाराच्या चौकात थांबवायची. खाली उतरणाऱ्या गल्ल्यांना तिथे तेर्त्र म्हणतात. उतार उभा, गोटे झिजून गुळगुळीत, कठडा धरून पाऊल टाकावं लागतं. अखंड खडकातलं चर्च खालच्या चौकात आहे आणि ते फक्त गाईडबरोबरच दाखवतात. आईंना वरच बसवून तू जाऊन ये.

प्रेषक: काकू, ल्यों
आईंना अंडं चालत नाही ना? मग आधी चौकशी कर. बोर्दोकडे रेड वाइन निवळायला अंड्याचं पांढरं घालायची जुनी रीत आहे. कानेले या तिथल्या छोट्या केकमध्येही अंडं. सँतेमिलियोंचे माकारों, म्हणजे बदामी बिस्किटं, 1620 पासूनचे, तिथल्या जोगिणींनी सुरू केलेले, त्यातही बदामाबरोबर अंड्याचं पांढरं असतंच.

प्रेषक: काका, बोर्दो
काकू, हल्ली बरेच जण बेंटोनाइट मातीने निवळतात, काही निवळतच नाहीत. लेबलवर व्हेगन लिहिलेली बाटली मागावी. आणि दादा, मेदोकच्या शातोंची 1855 ची प्रतवारी आजही चालते, 1973 मध्ये मुतों हा शातो पहिल्या श्रेणीत गेला तेवढाच मोठा बदल. तुमच्या सँतेमिलियोंची 1955 ची, आणि 2022 च्या यादीतून ओझोन नि शव्हाल ब्लाँ हे दोन नामवंत शातो बाहेर पडले.

प्रेषक: भाऊ, लिमोज
प्रतवारीने ताईंचं काय अडलंय? सप्टेंबर आहे, तोडणीचे दिवस. काही शातो या दिवसांत पाहुणे घेत नाहीत, शनिवारीच फोन करा. सँतेमिलियोंकडे मेर्लो जातीचं द्राक्ष जास्त, आणि ते मेदोकच्या काबेर्ने सोव्हिन्यों जातीआधी पिकतं, त्यामुळे तोडणी बघायला मिळू शकेल. आमची बाग निफाडला. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, नि माल जानेवारी ते मार्चमध्ये. इथे वेलाला हिवाळी झोप असते, छाटणी एकदाच. मांडव नाहीच, वेल कमरेएवढा आणि घड पार जमिनीलगत. आईंना गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला दाखवा, तिथे चढ नाही.

प्रेषक: सचिव
प्रवासाचे प्रश्न या ईमेल यादीवर चालतात, पण दिवाळीच्या हॉलचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. काका, तुम्हीच म्हणाला होतात विचारतो म्हणून.

प्रेषक: ताई, पॅरिस
लिबूर्न ठरलं. आईला वाइन घ्यायचीच नाहीये, तिला वेल बघायचेत. निफाडचं वाचून तर खूशच झाली, माहेर दिंडोरीचं. भाऊ, ती विचारतेय, इथेही वेलांवर डावणी रोग पडतो का? दादा, टॅक्सीवाल्याचा नंबर वेगळा पाठव.

प्रेषक: भाऊ, लिमोज
पडतो! बोर्दो मिश्रण इथलंच, मोरचूद आणि चुना. 1880 च्या दशकात मेदोकमध्येच त्याचा डावणीवरचा गुण कळला. आईंना सांगा, वेलाच्या पानांवर निळसर डाग दिसले तर ते तेच.