सीपॅपचा आवाज: आधी कुठून येतो ते शोधा

फिल्टर बदलूनही वडिलांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं) पहाटे गुडगुडतं आणि आईची झोप मोडते, असं तुम्ही लिहिलंय. गुडगुड म्हणजे बहुतेक नळीत साचलेलं पाणी. मोटारीवर लगेच संशय नको. डिसेंबरात सांगलीला पहाटे खोली गार पडते, ह्युमिडिफायरची (मशीनच्या पाण्याच्या टाकीतून हवा दमट करणाऱ्या भागाची) उबदार दमट हवा थंड नळीत निवते आणि थेंब जमतात. मशीन गादीच्या पातळीखाली ठेवा, म्हणजे पाणी टाकीकडे परत जाईल. नळी पांघरुणाखालून घ्या, आर्द्रता एक-दोन अंकांनी उतरवा. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात.

शिट्टी किंवा फुसफुस असेल तर ती गळती. मास्कचे पट्टे झोपलेल्या स्थितीत, हवा चालू असताना जुळवा. फार आवळले की कुशन चुरगळून गळती उलट वाढते. कुशन रोज धुवा, चेहऱ्याचं तेल लागलं की ते सरकतं. मास्कवरच्या बारीक छिद्रांतून येणारी सौम्य हवा मात्र हवीच, उच्छ्वास तिथूनच बाहेर पडतो. ती छिद्रं कधीही, अगदी आवाजासाठीसुद्धा, बुजवू नका.

गळीत हंगामात ऊस पेटवल्याची काजळी घरात येते, तेव्हा फिल्टर दर आठवड्याला बघा. पांढरा कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा.

एवढं करूनही मशीनमधूनच घरघर आली, किंवा नळीत काळे कण दिसले, तर विक्रेत्याला दाखवा. प्रेशर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.