कोलेस्टेरॉलच्या तपासणीला अनशापोटीच जावं लागतं का?

शंकेखोर
लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी) करायचंय. लॅबच्या कागदावर '१२ तास उपाशी' छापलंय, डॉक्टर म्हणतात खाऊन गेलात तरी चालेल. कुणाचं ऐकायचं? आणि उपाशीच जायचं तर पाणी, चहा, सकाळच्या गोळ्या यांचं काय?

परीक्षानळी
पहिलीच, नेहमीची तपासणी असेल तर डॉक्टरांचं. डेन्मार्कमध्ये २००९ पासून यासाठी कुणाला उपाशी ठेवत नाहीत, २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन तेच सांगितलं आणि २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनीही ते मान्य केलं.

कारण सोपं आहे. एलडीएलचा (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात) कण रक्तात दोन-तीन दिवस फिरत असतो, एका जेवणाने त्याचा आकडा फारसा हलत नाही. हलतात ती ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी. जेवणातली चरबी आतड्यातून मोठमोठ्या कणांत बांधली जाऊन रक्तात येते आणि तीन-चार तासांनी सर्वांत जास्त असते. नेहमीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स सरासरी २६ मि.ग्रॅ./डेसीलिटरने वाढतात, एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल प्रत्येकी ८ ने कमी दिसतात, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) जवळपास तिथंच राहतं. म्हणून ट्रायग्लिसराइड्सची मर्यादाही वेगळी धरतात: उपाशीपोटी १५०, खाऊन १७५.

आकडेमोड
वरच्यात एक भर. बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल मोजलेलं नसतं, काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग. समजा एकूण २१०, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड्स १५०. एलडीएल आलं १३५. खाऊन गेल्यावर ट्रायग्लिसराइड्स २०० झाली आणि बाकी काहीच बदललं नाही, तरी हिशेब १२५ दाखवेल. दहा अंक सुधारले ते फक्त कागदावर. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेली की हे सूत्र वापरतच नाहीत. मग उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यायचं किंवा 'डायरेक्ट एलडीएल', म्हणजे सूत्राऐवजी थेट मोजलेलं, करून घ्यायचं.

म्हणून खाऊन दिलेल्या रिपोर्टात आधी नॉन-एचडीएल बघा. एकूण वजा एचडीएल, बस. वरच्या उदाहरणात ते दोन्ही वेळा १६५ च येतं. रिपोर्टात छापलेलं नसेल तर वजाबाकी स्वतः करा.

परीक्षानळी
बरोबर. ट्रायग्लिसराइड्स फार वाढली तर ते डोळ्यांनीच दिसतं. नळी फिरवून काढली की एरवी पिवळसर, आरपार दिसणारं सीरम (रक्तातला वर राहणारा पातळ भाग) दुधासारखं गढूळ होतं. ती रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर जेवणातून आलेले कण सायीसारखे वर जमतात. असा नमुना इतर काही चाचण्याही बिघडवतो, कारण यंत्र नमुन्यातून जाणारा प्रकाश मोजतं.

सुईवाला
उपाशी कधी जायचं ते सांगतो. आधी ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर आली असतील, त्यांच्यावरच उपचार चालू असतील, त्यांच्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, किंवा त्याच टोचण्यात फास्टिंग शुगरही असेल तर.  शुगरला ८ तास पुरतात, लिपिडला ९ ते १२.

साधं पाणी हवं तितकं प्या. अंगात पाणी कमी असलं की शीर सापडत नाही. दूध-साखरेचा चहा म्हणजे उपास मोडला. दारू किमान २४ तास आधी बंद, तिने ट्रायग्लिसराइड्स चढतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तपासणीसाठी थांबवू नका, तिचाच तर परिणाम बघायचाय. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी बसणं मात्र धोक्याचं. शुगर एकदम उतरते. डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा आणि सकाळचा पहिला नंबर लावा.

रक्त देण्याआधी पाच-दहा मिनिटं बसा. दंडावरचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, मोठे कण आत राहतात आणि कोलेस्टेरॉल फुगून दिसतं. याकडे फार कमी जण लक्ष देतात. जोराचा ताप किंवा मोठं आजारपण नुकतंच झालं असेल तर आकडे उलट खाली येतात, तेव्हा काही आठवडे थांबलेलं बरं.

शंकेखोर
शुगर नाही करायची. पण जुन्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड्स ३१० आहेत. तेव्हा खाऊन रक्त दिलं होतं की उपाशी, ते आठवत नाही.

आकडेमोड
मग या वेळी उपाशीच जा. ३१० ला सक्ती नाही, पण ते जेवणामुळे वाढलं होतं की मुळातच जास्त आहे, हे दुसऱ्या कशानं कळणार नाही. आणि शेवटचं जेवण किती वाजता झालं ते लॅबच्या फॉर्मवर लिहायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी हाच प्रश्न पडणार नाही.